पितळेची विशिष्ट उष्माधारकता घरी कशी मोजायची

विशिष्ट उष्माधारकता म्हणजे 1 ग्रॅम पदार्थ 1 अंशाने तापवायला लागणारी उष्णता. ती मोजण्याचं तत्त्व सोपं आहे: गरम वस्तूने दिलेली उष्णता = थंड पाण्याने आणि भांड्याने घेतलेली उष्णता. मात्र बाहेर जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब चुकला की उत्तर बिघडतं. वजनात 1 ग्रॅमची चूक सहज खपते, तापमानात अर्ध्या अंशाची खपत नाही.

धातू म्हणून 200 ग्रॅमचं पितळी वजन घ्या. पुण्यात जुन्या बाजारात किंवा बोहरी आळीत शोधलंत तर मिळेल. तळाशी शिसं भरलेलं नको, कारण शिशाची उष्माधारकता पितळेच्या साधारण एक तृतीयांश असते आणि उत्तर खाली येतं.

थर्मोकोलचे कप महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहेत, त्यामुळे कॅलरीमापी (उष्णता बाहेर जाऊ न देणारं मोजणीचं भांडं) स्वतःच करा. टीव्ही-मिक्सरच्या पॅकिंगमधल्या जाड थर्मोकोलमध्ये स्टीलचा छोटा, पातळ पेला घट्ट बसेल असं भोक पाडा. थर्मोकोलचंच झाकण करून त्यात थर्मामीटर आणि ढवळणीपुरती दोन छिद्रं ठेवा. थर्मामीटर 0.1 अंश दाखवणारा डिजिटल हवा. तापाचा चालणार नाही, त्याची मजलच 42 अंशांच्या आसपास संपते.

आधी पेला किती उष्णता खातो ते काढा. पेल्यात 25.0 अंशांचं 50 ग्रॅम पाणी असताना 60.0 अंशांचं 50 ग्रॅम पाणी ओतून ढवळा. काहीच गेलं नसतं तर 42.5 आलं असतं, समजा 41.5 आलं. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता 4.18 धरून गरम पाण्याने दिले 50 × 4.18 × 18.5 = 3866 ज्यूल, थंड पाण्याने घेतले 50 × 4.18 × 16.5 = 3448. उरलेले 418 ज्यूल पेल्याने घेतले, म्हणजे अंशामागे सुमारे 25 ज्यूल. हे दोनतीनदा करून सरासरी घ्या. आकडा दर वेळी बराच बदलत असेल तर गरम पाण्याचं तापमान ओतण्याच्या अगदी आधी मोजलं जात नाहीये.

आता मुख्य प्रयोग. पंखा बंद. वजनाला दोरा बांधून ते उकळत्या पाण्यात दहा मिनिटं लटकत ठेवा. पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नका, बूड पाण्यापेक्षा तापलेलं असतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं (सिंहगडावर तर 96 च्याही आत). पुस्तकातले 100 धरले तर उत्तर तीन टक्क्यांनी कमी येतं.

पेल्यात 100 ग्रॅम पाणी घ्या आणि दोन मिनिटं दर 30 सेकंदांनी तापमान लिहा. मग वजन उचला, वाफेतच एक झटका देऊन चिकटलेलं पाणी झाडा आणि दोनतीन सेकंदांत पेल्यात सोडा. खरी मेख इथेच आहे: सोबत 1 ग्रॅम उकळतं पाणी आलं तरी उत्तर साडेपाच टक्के फुगतं, आणि फडक्याने पुसत बसलात तर वजन निवतं. झटका पुरत नसेल तर वजन कोरड्या, रुंद परीक्षानळीत घालून ती उकळत्या पाण्यात ठेवा. तेव्हा वीस मिनिटं द्या.

झाकण लावून हलक्या हाताने ढवळा आणि पुढची पाच मिनिटं नोंदी घ्या. सर्वांत मोठा आकडा थेट वापरू नका, तोवर थोडी उष्णता गेलेली असते. आलेख काढून उतरती रेषा वजन सोडलं त्या क्षणापर्यंत मागे ओढा. सुरुवातीचं पाणी खोलीपेक्षा पाचेक अंश थंड असेल तर ही गळती बरीचशी आपोआप फिटते. उन्हाळ्यात माठातलं पाणी यासाठी उत्तम.

समजा पाणी 25.0 वरून 35.7 वर गेलं. पाण्याने आणि पेल्याने घेतलेली उष्णता (100 × 4.18 + 25) × 10.7 = 4740 ज्यूल. वजन 98.0 वरून 35.7 वर आलं, म्हणजे 62.3 अंश उतरलं. 4740 ÷ (200 × 62.3) = 0.38 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश, पितळेला साजेसं. पेला विसरलात तर 0.36 येईल. 0.40 च्या वर गेलं तर आधी चिकटलेल्या पाण्यावर संशय घ्या.

लोखंडाला 0.45 आणि ॲल्युमिनियमला 0.90 च्या जवळपास यायला हवं. ॲल्युमिनियम 100 ग्रॅमच घ्या. 200 ग्रॅमचा तुकडा 74 घनसेंटीमीटर जागा खातो आणि छोट्या पेल्यातलं पाणी बाहेर सांडतं.