गूळ जळू न देता: शेगडीवरच्या कोंबडीच्या तंगड्यांचा कोरडा तिखट-गोड मसाला

अमेरिकेत या मसाल्याला ड्राय रब म्हणतात. तिथे त्यात पॅप्रिका आणि ब्राऊन शुगर असते. मी लालबागच्या मसाला गल्लीतून बेडगी मिरची आणते आणि साखरेऐवजी गूळ पावडर घालते. बेडगी रंगाला गडद, तिखटाला बेताची. तिखटपणासाठी सोबत दोन लवंगी.

पंचवीस ग्रॅम बेडगीचे देठ काढा, लवंगीबरोबर मंद आचेवर कोरडी गरम करा. मिरची हातात कुरकुरली की पुरे. काळा डाग पडला तर ती बाजूला काढा, नाहीतर सगळा मसाला कडवट होतो. जिरे, धणे, मिरे एकेक चमचा, मोहरी अर्धा चमचा वेगळी भाजा. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा. मग दोन चमचे लसूण पावडर, अर्धा चमचा सुंठ आणि तीन मोठे चमचे गूळ पावडर हाताने मिसळा. आपल्या मुंबईच्या दमट हवेत गुळाचे खडे होतात, म्हणून बरणी फ्रीजमध्येच ठेवा.

मीठ या मसाल्यात मुद्दाम घालत नाही. एक किलो तंगड्यांना दोन सपाट चहाचे चमचे मीठ आदल्या रात्री चोळून फ्रीजमध्ये ठेवते. आधी पाणी सुटतं, मग तेच खारट पाणी मांसात परत मुरतं. दुसऱ्या दिवशी तंगड्या कोरड्या पुसून तीन-चार मोठे चमचे मसाला चोळायचा आणि अर्धा तास थांबायचं. गूळ ओलावा ओढतो, कोरडी भुकटी गडद लाल, चकचकीत होते आणि बोट लावलं तर चिकटते. तेव्हा समजायचं, शेगडीची वेळ झाली.

पहिल्या वर्षी गच्चीवर मी तंगड्या थेट धगधगत्या निखाऱ्यांवर ठेवल्या होत्या. दहा मिनिटांत वरून कोळसा, हाडाजवळ कच्च्या. पोरं उपाशी बसलेली, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून निखारे शेगडीच्या एकाच बाजूला लोटते. तंगड्या दुसऱ्या बाजूला, वर मोठं पातेलं उपडं, पस्तीस-चाळीस मिनिटं, मधे एकदा फिरवून. हाडाजवळ ७४ अंश सेल्सिअस भरले की शिजल्या. थर्मामीटर जरूर घ्या, नुसत्या रंगावर जाऊ नका. शेवटची दोन मिनिटं तेवढी निखाऱ्यांवर, सतत उलटत.

हाच मसाला लोणी लावलेल्या मक्याच्या कणसालाही चोळते. त्याला मीठ वरून.