बिग बँग आणि देव: वाद घालायचाच असेल तर असा घाला

आधी समोरच्याला विचारा, देव म्हणजे नक्की कोणता? विश्व एकदा सुरू करून देणारा, की आत्ताही ते टिकवून धरणारा? निम्मी भांडणं इथल्याच घोळामुळे होतात.

मग बिग बँगला (विश्व प्रचंड तापलेल्या, दाट अवस्थेतून पसरत आलं, ही थिअरी) लगेच देवाचा पुरावा म्हणून पुढे करू नका. ही कल्पना मांडणारा बेल्जियन शास्त्रज्ञ लमेत्र स्वतः कॅथलिक पाद्री, पण 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी तिचा संबंध थेट निर्मात्याशी जोडला तेव्हा त्यालाच ते रुचलं नाही, त्याच्या मते थिअरी धर्माच्या प्रश्नांपासून लांबच बरी. आणि आपले नारळीकर तर बिग बँगच मानत नव्हते, त्यांनी 1993 मध्ये हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत सुरुवात नसलेल्या विश्वाचं मॉडेल मांडलं (ते फारसं कुणी स्वीकारलं नाही, तो भाग वेगळा).

साधारण 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व प्रचंड तापलेलं आणि दाट होतं, एवढं भक्कम आहे. त्याच्या अगदी मुळाशी गेलं की जनरल रिलेटिव्हिटी (आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची थिअरी) हात टेकते. तिथं देव बसवायची घाई करू नका, उद्या क्वांटम ग्रॅव्हिटी (गुरुत्वाकर्षण आणि सूक्ष्म कणांचे क्वांटम नियम यांना जोडणारी, अजून अपुरी असलेली थिअरी) नीट जमली की उठवावा लागेल.

नास्तिक मंडळी, तुम्हीपण जरा दमानं. 'शून्यातून विश्व' म्हणता त्यात क्वांटम नियम आधीच गृहीत धरलेले असतात, ते शून्य कसलं? नियमच का आहेत हे विचारलं तर फिजिक्स गप्प बसतं, आणि श्रद्धाळू माणसानं बोलायचं असेल तर इथंच बोलावं, फक्त त्याला प्रूफ म्हणू नये.