उद्यानातील खुल्या रंगमंचावर कार्यक्रम घेताना

नाशिकमध्ये महापालिकेच्या उद्यानातील खुल्या रंगमंचावर गाण्याचा कार्यक्रम घ्यायचा असल्यास महापालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून स्वतंत्रपणे घ्यावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, सवलतीचे दिवस वगळता, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणून भैरवी साडेनऊलाच सुरू व्हावी, हे गायकाला (आणि विशेषतः लांबलचक भाषण करणाऱ्या पाहुण्यांना) आधीच सांगितलेले बरे. रंगमंच पश्चिमाभिमुख असेल तर मावळतीचे ऊन कलाकारांच्या डोळ्यांत जाते, त्यामुळे जागा संध्याकाळीच पाहून यावी. कर्णे घसरगुंडीकडे नव्हे, प्रेक्षकांकडेच वळवावेत. पावसाळ्यातली तारीख धरू नये. डिसेंबर-जानेवारीत थंडी बोचत असल्याने कार्यक्रम लवकर सुरू करावा.