फुल रेंज असून कॉल का कटतो? बूस्टर मागवायच्या आधी घरात करायची तपासणी

घोडबंदर रोड, कोलशेत, बाळकुम, तिकडे खारघर, उलवे, जिथे जिथे वीस-पंचवीस मजली बिल्डिंगी उभ्या राहिल्यात तिथल्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज येतोच, की फोनवर सगळ्या दांड्या दिसतायत पण आवाज तुटतो आणि कॉल कट होतो, आणि त्याच्या खाली कोणीतरी लगेच सिग्नल बूस्टरची, म्हणजे बाहेरचा सिग्नल वाढवून घरात देणाऱ्या यंत्राची, लिंक टाकतं. मी अकरा वर्षं मोबाईल नेटवर्कच्या आरएफ ऑप्टिमायझेशनचं, म्हणजे टॉवरचे रेडिओ सिग्नल नीट करायचं काम करतोय, राहतो ठाण्यातच, आणि शेजारीपाजारी विचारतात तेव्हा मी एकच सांगतो: आधी मोजा. अर्धा तास लागतो, पैसा लागत नाही, आणि मोजल्यावर बऱ्याच घरांत कळतं की सिग्नल कमी नाहीच आहे, गोंगाट जास्त आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा आहे.

दांड्यांकडे बघू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपापलं ठरवते, आणि बहुतेक फोन फक्त सिग्नलचा जोर बघून दांड्या दाखवतात, तो सिग्नल स्वच्छ आहे का हे त्यात येत नाही. खरे आकडे फोनमध्येच असतात. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोनमध्ये सिम स्टेटस उघडा, तिथे डीबीएममध्ये (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) आकडा दिसतो, किंवा डायलरवर *#*#४६३६#*#* टाकून बघा, काही फोनवर हा कोड बंद असतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट उघडतं. अँड्रॉइडवाल्यांनी नेटमॉन्स्टरसारखं एखादं ॲप टाकलं तर अजून सोपं, बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा), पीसीआय (हे काय ते पुढे सांगतो) सगळं एका स्क्रीनवर येतं.

दोन आकडे लिहून घ्यायचे. पहिला आरएसआरपी, म्हणजे टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. हा उणे असतो, त्यामुळे -८५ हा -१०५ पेक्षा चांगला. -९५ पर्यंत छान, -१०५ पर्यंत ठीक, -११० च्या खाली गेलात की घराच्या आत त्रास सुरू, आणि -१२० च्या आसपास फोन कधीही हात सोडतो. दहा डीबी कमी म्हणजे ताकद एक दशांश, वीस डीबी कमी म्हणजे शंभरावा हिस्सा, म्हणून -८५ आणि -१०५ मधला फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. दुसरा आकडा एसआयएनआर, काही फोनवर एसएनआर किंवा आरएसएसएनआर लिहिलेलं असतं, तो सांगतो की हव्या त्या सिग्नलच्या मानाने बाकीचा गोंगाट किती. २० च्या वर असेल तर उत्तम, १० ते २० चालतं, १० च्या खाली नेट रडायला लागतं आणि शून्याच्या खाली गेला की कॉल तुटायला लागतात. बहुतेक लोक पहिला आकडा बघून थांबतात. दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्या.

मोजताना वायफाय बंद ठेवा. हॉलची खिडकी, हॉलचा मधला भाग, प्रत्येक बेडरूम, किचन, आणि बाहेर लिफ्टसमोरचा पॅसेज, एवढ्या जागा पुरे. प्रत्येक जागी एक मिनिट शांत उभं राहा, कारण आकडा चार-पाच डीबी हलतच असतो, आणि अंदाजे मधला आकडा लिहा. हेच सगळं सकाळी सातच्या आसपास एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर पण करा. सोबत बँड आणि पीसीआय लिहून ठेवा, पीसीआय म्हणजे ज्या टॉवरच्या ज्या बाजूच्या अँटेनाशी फोन जोडलाय तिचा नंबर असं समजा.

आता कागद समोर घ्या. खिडकीत -९० आणि आतल्या बेडरूममध्ये -११५ असेल तर टॉवरची चूक नाही, तुमच्या भिंती आणि काचा सिग्नल खातायत. आरसीसीची एक जाड भिंत दहा-पंधरा डीबी सहज घेते, आणि नवीन बिल्डिंगींत ऊन अडवायला धातूचा पातळ थर दिलेली काच असते तिने वीस-तीस डीबी जातात, म्हणजे खिडकी बंद केली की रेंज गेली, उघडली की आली, हे खरंच होतं, करून बघा. इथे बँड पण महत्त्वाचा. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीतून बऱ्यापैकी आत येतो, १८०० आणि २३०० चा कमी, आणि ५जीचा ३३०० वाला सर्वात कमी. ५जीचा ७०० मेगाहर्ट्झवाला बँड मात्र आत चांगला शिरतो. म्हणून एकाच खोलीत एका कंपनीचं सिम चालतं आणि दुसऱ्याचं नाही, यात काही गूढ नाही.

खिडकीत, टेरेसवर, खाली गेटवर सगळीकडेच आकडा खराब असेल तर तिथे कव्हरेजच नाही. येऊरच्या डोंगराला खेटून असलेल्या काही भागात हे होतं, डोंगर मध्ये आला की पलीकडच्या टॉवरचा उपयोग नाही. आणि सकाळी सगळं छान, रात्री आकडे तेवढेच राहतात पण स्पीड पडतो, असं असेल तर टॉवरवर गर्दी आहे. त्या दोन्हींचा इलाज फक्त कंपनीच्या हातात आहे.

राहिला तो प्रकार ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. आरएसआरपी -८० किंवा -८५, फुल दांड्या, आणि एसआयएनआर २ किंवा -३. पंधराव्या मजल्याच्या वर, खाडीकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये हे हमखास सापडतं. कारण सांगतो. मोबाईलच्या अँटेना साधारण तीस-पस्तीस मीटर उंचीवर, किंवा सात-आठ मजली बिल्डिंगच्या गच्चीवर असतात आणि त्यांचं तोंड थोडं खाली झुकवलेलं असतं, कारण माणसं रस्त्यावर आणि खालच्या मजल्यांवर आहेत असं धरून ते डिझाईन केलेलं असतं. तेविसाव्या मजल्यावर तुम्ही त्या झोताच्या वर आहात. जवळचा टॉवर तुम्हाला नीट बघत नाही, पण समोर खाडीचं सपाट पाणी, मध्ये एक झाड नाही की भिंत नाही, त्यामुळे पलीकडच्या काल्हेर-कशेळीकडचे टॉवर थेट तुमच्या बाल्कनीत ऐकू येतात. पाच-सहा टॉवर, सगळे सारख्याच जोराचे, बऱ्याचदा सगळे त्याच फ्रिक्वेन्सीवर. दहीहंडीला नौपाड्यात दोन मंडळांच्या स्पीकरच्या बरोबर मधोमध उभं राहिल्यावर कसं होतं, आवाज प्रचंड, पण गाणं एकही कळत नाही, तसंच.

याची खूण म्हणजे पीसीआय. जागेवर उभे असतानाही दर अर्ध्या मिनिटाला नंबर बदलत असेल तर फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारतोय आणि त्या उडीतच कॉल पडतो. ॲपमध्ये टीए म्हणजे टायमिंग ॲडव्हान्स दिसत असेल तर तोही बघा, ४जीमध्ये त्याचा एक आकडा साधारण ७८ मीटर, म्हणजे टीए ४० आला तर तुम्ही तीन किलोमीटरवरच्या टॉवरशी बोलताय, आणि तुमच्या गल्लीतला टॉवर रिकामा बसलाय.

अशा घरात बूस्टर लावून काय होणार? तो त्या दोन्ही स्पीकरचा आवाज वाढवणार. दांड्या वाढतील, एसआयएनआर तिथेच राहील, कॉल तसाच कटेल.

बूस्टरचं अजून सांगायलाच हवं, कारण त्याचा त्रास फक्त तुम्हाला होत नाही. मोबाईलचे बँड सरकारने कंपन्यांना लिलावात दिलेले आहेत, २०२२ च्या एका लिलावातच १,५०,१७३ कोटींच्या बोली लागल्या, आणि त्या फ्रिक्वेन्सीवर काय लावायचं ते ज्याच्याकडे लायसन्स आहे तोच ठरवतो. विनापरवाना वायरलेस उपकरण बाळगायचं नाही हा नियम आपल्याकडे १९३३ च्या कायद्यापासून आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीशिवाय चालत नाहीच. ऑनलाइन विकायला आहे म्हणजे लावायला परवानगी आहे असं नसतं. रिपीटर, म्हणजे असा बूस्टर, लावायचा असेल तर तो मोबाईल कंपनीनेच लावायचा.

आणि इंजिनिअरिंगच्या बाजूने बघा. बूस्टरची एक अँटेना बाहेर ग्रिलवर आणि एक आत हॉलमध्ये, त्याचं गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतो ते, साठ-सत्तर डीबी. या दोन अँटेनांमध्ये गेनपेक्षा कमीत कमी पंधरा डीबी जास्त आडोसा लागतो. टू बीएचकेत, पाच मीटरवर, तेवढा आडोसा मिळणार कुठून? मग आतला सिग्नल बाहेरच्या अँटेनात परत शिरतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं, माइक स्पीकरसमोर धरल्यावर जशी मारतो तशी, फक्त ही ऐकू येत नाही. ती जाते सरळ टॉवरच्या कानात. टॉवर तिथे शेकडो फोनचे अतिशय क्षीण सिग्नल ऐकायचा प्रयत्न करत असतो, त्यात ही शिट्टी, आणि आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगींतले कॉल एकतर्फी होतात, तुम्हाला ऐकू येतं पण तुमचं समोर पोचत नाही. आम्ही एकदा एका टॉवरच्या मागे दोन दिवस यागी अँटेना (एकाच दिशेने ऐकणारी) आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) घेऊन गल्लीबोळ फिरलो, शेवटी दिशा धरत धरत एका दुकानाच्या पोटमाळ्यावर पोचलो, दुकानदार बिचारा म्हणाला मी तर फक्त यूपीआयसाठी लावला होता. यंत्र बंद केलं आणि दहा मिनिटांत टॉवर शांत झाला. त्या दोन दिवसांत त्या भागात कोणाची अँब्युलन्स लागली असेल, कोणाचा फोन लागला नसेल, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही. सरकारचीही याच कामासाठी वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन आहे, १९५२ पासून, त्यांच्याकडे दिशा शोधणाऱ्या गाड्या असतात.

मग करायचं काय. घरात ब्रॉडबँड असेल तर पहिलं काम वायफाय कॉलिंग चालू करा, आपल्याकडे ते २०१९ च्या शेवटापासून यायला लागलं आणि आता बहुतेक फोनमध्ये आहे. सिमच्या सेटिंगमध्ये ऑन करा, मग फ्लाइट मोड लावून फक्त वायफाय चालू ठेवा आणि कॉल करून बघा, लागला म्हणजे झालं. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नका. उंच बिल्डिंगींत २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यांचे पंधरा-वीस राउटर असतात, तिथे १, ६ किंवा ११ यातला मोकळा चॅनल धरा आणि फोन शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर जोडा. राउटरला छोटा यूपीएस लावा, नाहीतर लाइट गेली की फोनपण गेला.

वायफाय नसेल आणि प्रकार खाडीवाला असेल तर खाडीच्या उलट बाजूच्या खोलीत जाऊन मोजा. तिथे आरएसआरपी दहा डीबी कमी असेल पण एसआयएनआर जास्त, कारण लांबचे टॉवर तुमच्याच बिल्डिंगने अडवले, आणि कॉल तिथे टिकेल. नेटवर्क मोड ५जीवरून ४जीवर करून दोन-तीन दिवस कॉल किती कटतात ते पण बघा, काही घरांत एवढ्यानेच भागतं. सिम बदलायचं ठरवलंत तर आधी शेजाऱ्याच्या सिमवर तुमच्याच खोलीत मोजा, जाहिरातीवर जाऊ नका. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०२४ च्या नियमानुसार कंपन्यांना आपल्या साइटवर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात, ते बघा, पण ते नकाशे तेविसाव्या मजल्यावरच्या आतल्या खोलीचं सांगत नाहीत.

कायमचा इलाज सोसायटीच्या पातळीवर होतो. त्याला इन-बिल्डिंग सोल्यूशन म्हणतात, आयबीएस, म्हणजे कंपनी स्वतः डक्टमधून केबल टाकून मजल्यांवर आणि बेसमेंटमध्ये छोट्या कमी ताकदीच्या अँटेना लावते. सेक्रेटरींना सांगा की जागा आणि लाइट द्यायची तयारी लिहून द्या, आणि एकाच कंपनीशी एक्सक्लुझिव्ह करार करू नका, नाहीतर बाकी सिमवाले तसेच लटकतात. बैठकीत रेडिएशनचा मुद्दा निघणारच, आणि ती काळजी करणाऱ्या काका-काकूंना उडवून लावू नका. त्यांना आकडा द्या: २०१२ पासून भारतात टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश धरलेली आहे, आणि तरंग संचार पोर्टलवर जवळच्या टॉवरची माहिती मिळते, फी भरून आपल्या जागी मोजणीही मागवता येते. हेही सांगा की सिग्नल खराब असतो तेव्हा फोन टॉवरपर्यंत पोचायला स्वतःची ताकद वाढवतो, आणि तो फोन आपल्या कानाला असतो.

तक्रार करताना "नेटवर्क येत नाही" एवढंच लिहू नका, त्याचं उत्तर "फोन रीस्टार्ट करा" असंच येतं. असं लिहा: विंग, मजला, कुठल्या दिशेची खोली, तारीख, वेळ, आरएसआरपी -८३, एसआयएनआर -२, बँड ४० (म्हणजे २३०० वाला), दहा मिनिटांत पीसीआय नऊ वेळा बदलला, स्क्रीनशॉट जोडलेत. हे वाचणाऱ्या इंजिनिअरला लगेच कळतं की अँटेनाचा टिल्ट (झुकाव) किंवा शेजारच्या सेलचं, म्हणजे शेजारच्या अँटेनाच्या भागाचं, सेटिंग बघायचंय, कधीकधी हे काम नवीन टॉवर न लावता होतं. १९८ वर किंवा ॲपवर तक्रार टाकून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या, सर्कल (कंपनीचा सेवा विभाग) विचारलं तर मुंबई सांगा, ठाणे आणि नवी मुंबई मुंबई सर्कलमध्येच येतात. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे जा, आणि पुढे दूरसंचार विभागाकडे सीपीग्राम्स या सरकारी तक्रार पोर्टलवर. ट्राय एकेकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे मेल करून वेळ घालवू नका. एकाच विंगमधल्या सात-आठ घरांनी याच पद्धतीने मोजून एकत्र पाठवलं तर त्याला जास्त वजन येतं.

कंपनीचा "इश्यू रिझॉल्व्ह्ड" असा मेसेज आला की लगेच ओके करू नका. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच फोनने परत मोजा, जुना कागद शेजारी ठेवा, आणि एसआयएनआर हलला नसेल तर दोन्ही आकडे लिहून डॉकेट परत उघडायला लावा.