परवडणारी सिगार : चव घ्यायची तर आधी ओलावा सांभाळा

बेताच्या किमतीची सिगार कडवट लागली की लोक तंबाखूला दोष देतात. हाताने वळलेली, चांगल्या पानांची सिगार असेल तर दोष बहुतेक वेळा ओलाव्याचा आणि घाईचा असतो. या दोन गोष्टी जमल्या की साध्या सिगारमधूनही भरपूर चव मिळते.

विकत घेताना ‘लॉन्ग फिलर’ आहे का ते विचारा, म्हणजे आतली पाने टोकापासून टोकापर्यंत सलग आहेत का. चुरा भरलेली सिगार लवकर तापते आणि तिचे कण तोंडात येतात. मग ती दोन बोटांत धरून हलकेच दाबत खालपासून वरपर्यंत या. मध्येच गाठ लागली तर धूर अडेल, खळगा लागला तर तिथे ती भराभर जळेल. रॅपरचा, म्हणजे बाहेरच्या पानाचा रंग डावा-उजवा असला किंवा शिरा ठळक असल्या तरी चालते. रूपातल्या अशा उणिवांमुळेच पुष्कळदा किंमत उतरलेली असते. रॅपरला तडा मात्र नको. सुरुवातीला रोबस्टो घ्या : साधारण 5 इंच लांब, 50 रिंग गेज. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, त्यामुळे जाडी सुमारे 20 मिलिमीटर भरते. अशी सिगार पाऊण ते एक तास चालते.

आणली की लगेच पेटवू नका. हवाबंद डब्यात आर्द्रता 65 टक्क्यांवर राखणारे पाकीट घालून दोन-तीन आठवडे ठेवा. डबा उन्हापासून लांब, 18 ते 21 अंश सेल्सियसच्या आसपास असावा. फार ओली सिगार विझत राहते आणि आंबट-कडू लागते, फार कोरडी भसाभस जळून जीभ भाजते. अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर तंबाखू अजून कच्चा आहे, आणखी दोन-तीन महिने थांबा. डब्यातल्या आर्द्रतामापकावर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे भिजवा आणि मापकासोबत बंद पिशवीत 12 तास ठेवा. काटा 75 दाखवायला हवा. जेवढा फरक पडेल तेवढा पुढे हिशेबात धरा.

तोंडाकडच्या टोकाला पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. तिचा वरचा दीड-दोन मिलिमीटरच कापा. गोलाई संपते त्याच्या खाली कटर गेला की रॅपर उलगडू लागतो. न पेटवता एक-दोनदा हवा ओढून पाहा : नळीने पाणी ओढताना लागतो त्याहून किंचित जास्त जोर लागला तर ठीक.

पेटवायला ब्युटेनचा लायटर वापरा. पेट्रोलच्या लायटरचा किंवा मेणबत्तीचा वास पानात शिरतो. ज्योत सिगारला टेकवू नका; सेंटिमीटरभर लांब धरून, सिगार फिरवत कडा सगळीकडून काळी होईपर्यंत शेका, मग फिरवतच हलके ओढा. टोकावर फुंकर घालून निखारा सारखा पेटलाय का बघा. पहिल्या दोन-तीन झुरक्यांवरून मत बनवू नका, त्यांत जळकेपणा असतोच.

यापुढे मिनिटाला एकच झुरका. धूर तोंडात घोळवून सोडायचा, छातीत घ्यायचा नाही. निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनही शोषले जाते. शिवाय धुरातल्या घातक द्रव्यांमुळे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका उरतोच, आणि रोज ओढण्याने तो वाढतो. रिकाम्या पोटी ओढल्यास घाम, मळमळ, चक्कर येते. तसे वाटताच सिगार खाली ठेवा.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसाच्या रश्शासारखी रुचकर चव) एवढेच कळते. बाकी सगळे नाकाचे काम. पाच-सहा झुरक्यांतून एकदा बहुतेक धूर सोडून द्या, तोंड मिटा आणि उरलेला थोडासा धूर हळूच नाकावाटे बाहेर काढा. सुरुवातीला मिरीसारखे झोंबेल, पण लाकूड, सुका मेवा, कोको, कॉफी, माती यांतला फरक इथेच कळतो. मधूनमधून साधे पाणी प्या. चव आणि कडकपणा, म्हणजे निकोटीनचा जोर, यांची गल्लत करू नका : गडद माडुरो रॅपर बहुधा गोडसर असतो, कडकपणा मुख्यतः रोपाच्या शेंड्याकडच्या लिगेरो पानांतून येतो.

सिगार मऊ आणि गरम लागू लागली की दोन मिनिटे थांबा, मग एकदा हलकेच उलटी फुंकर मारून आतला शिळा धूर काढून टाका. एक बाजू मागे राहिली तर तेवढ्याच कडेला ज्योत दाखवा. विझली तर राख झाडून तासाभरात पुन्हा शेका. त्यानंतर ती शिळी लागते. शेवटच्या तिसऱ्या भागात कडवटपणा फुंकरीनेही गेला नाही, तर तिथेच थांबा. चिरडू नका, राखदाणीत आडवी ठेवा; ती आपोआप विझते आणि खोलीत उग्र वास कमी राहतो.