डायनिंगच्या खुर्चीची बैठक घरी मढवताना

लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावर पट्टे, स्प्रिंग, फोम आणि कापड असे थर पक्के बसवले की ती अपहोल्स्ट्री. उचलून बाजूला ठेवता येतं ते कुशन, चेन उघडून धुवायला काढता येतं ते कव्हर. डुगडुगणारा पाय किंवा उडालेलं पॉलिश हे सुताराचं आणि पॉलिशवाल्याचं काम. ‘सोफा नवा करून द्या’ एवढंच सांगितलं तर हे सगळं एकाच आकड्यात येतं, म्हणून आधी दुखणं ओळखा. बैठक दाबल्यावर हाताला फळी लागली तर फोम संपलाय. सगळी बैठकच खाली जात असेल तर पट्टे किंवा स्प्रिंग गेलेत. नुसतं कापड मळलं असेल तर कव्हर शिवून भागतं.

घरी जमण्यासारखं काम म्हणजे खालून स्क्रू काढले की सुटी होणारी डायनिंगच्या खुर्चीची बैठक. स्प्रिंगच्या सोफ्याला मात्र कारागीरच बोलवा.

मोजमाप आधी. बैठक 18 बाय 18 इंच, फोम 2 इंच, प्लाय अर्धा इंच (12 मिमी) धरू. प्रत्येक बाजूला फोमची जाडी, प्लायची जाडी आणि खाली दुमडायला दीड इंच, असे 4 इंच वाढतात. म्हणजे तुकडा 26 बाय 26. सोफ्याचं कापड बहुधा 54 इंच पन्ह्याचं असतं, त्यात आडवे दोन तुकडे निघतात. सहा खुर्च्यांना 78 इंच, म्हणजे जेमतेम 2 मीटर लागतं, सव्वादोन घ्या. मोठी नक्षी जुळवायची असेल तर आणखी. मखमलीची लव सगळ्या खुर्च्यांवर एकाच दिशेने हवी, नाहीतर एकाच ताग्यातले तुकडे दोन रंगांचे दिसतात.

फोम 40 डेन्सिटीचा घ्या. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. एका घनमीटर फोमचं ते किलोतलं वजन. हलका फोमही हाताला टणक लागू शकतो, पण तो लवकर दबून चपटा होतो. दुकानात नुसतं दाबून निवडणारे इथेच फसतात.

जुनं कापड स्टेपल गनच्या पिना उपसून पूर्ण काढा. त्यावरच नवं चढवलं तर कडा जाड होतात आणि चौकटीत बसणारी बैठक परत आत जात नाही. प्लाय फुगला असेल, पदर सुटले असतील तर बदला. स्क्रूच्या भोकांचं कडांपासूनचं अंतर टिपून ठेवा, पुढे भोकं कापडाखाली जातात.

फोम प्लायपेक्षा चारही बाजूंनी पाव इंच मोठा कापून चिकटवा, म्हणजे ओढल्यावर कड गोल येते. वर पॉलिएस्टर फायबरचा पातळ थर द्या. कापड उलटं पसरून त्यावर बैठक पालथी ठेवा.

खरी कसोटी पिना मारण्यात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून पुढे जात राहिलात तर वीण तिरकी होते. पुढच्या कडेच्या मधोमध एक पिन, मग समोरच्या कडेला, मग दोन्ही बाजूंना. सुलट करून नक्षी सरळ आहे ना ते पाहा. मग मधून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या कडा आलटून पालटून, साधारण इंचाच्या अंतराने. कोपऱ्याच्या 2 इंच आधी थांबा. ताण इतकाच की सुरकुती जाईल. फोम खोलगट दबला तर जास्त झाला. 12 मिमी प्लायला 8 मिमीची पिन पुरते, 14 मिमीची आरपार येईल. वर राहिलेली पिन हातोडीने बसवा.

कोपऱ्याचं टोक आधी तिरकं आत ओढून एक पिन मारा. मग दोन्ही बाजूंच्या घड्या सारख्या घाला, जास्तीचं कापड कापा. घडी बाजूच्या कडेला पडू द्या, समोरून दिसत नाही.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत स्वस्त पीयू लेदर (प्लास्टिकचा थर दिलेलं नकली चामडं) टाळा. ओलाव्याने त्याचा वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटतो आणि त्याला दुरुस्ती नाही. खालच्या बाजूला रेक्झिनऐवजी हवा खेळेल असं पातळ काळं नॉन-वोव्हन कापड लावा, टिपलेल्या अंतरांवर कापडाला भोकं पाडा आणि जुनेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू प्लाय भेदून फोममध्ये घुसतो.