पुण्यात नळाला येणारं पाणी नेमकं कुठलं, आणि घरी कसं तपासायचं

पुण्यात फ्लॅट घेतला की लोकं पहिला टीडीएस मीटर मागवतात, आकडा कमी आला की खूश. त्या मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात हो, ड्रेनेजचं पाणी मिसळलंय का ते त्याला ओ की ठो कळत नाही. म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

शहराचं बहुतेक पाणी खडकवासला धरणाचं, त्याच्या वरच्या अंगाला पानशेत, वरसगाव आणि टेमघर. तिथून पर्वती, वारजे, वडगाव अशा जलकेंद्रांत शुद्ध होऊन येतं. वडगावशेरी, धानोरी बाजूला भामा आसखेडचं. पिंपरी-चिंचवडचं मुख्यतः पवना. खरा गोंधळ महापालिकेत उशिरा आलेल्या गावांत, तिथं विहीर, बोअर, टँकर सगळं मिक्स. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात) पेशंट वाढले ते सिंहगड रोड, नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे, पुण्याजवळचं गाव), किरकटवाडी याच पट्ट्यात, ही गावं २०२१ ला पालिकेत आली आणि नांदेडच्या विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन टाकून सोडलं जायचं. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातूनही येतो आणि खाण्यातूनही.

आता सोसायटीत विचारायचं कोणाला? चेअरमनला नको, वॉचमन किंवा प्लंबरला विचारा. पालिकेचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं का, टँकर कधी येतो, टाकी शेवटची कधी धुतली. एकाच टाकीत पडत असेल तर पालिकेच्या क्लोरीनचा हिशोब तिथंच संपला.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायचं. ऑर्थोटोलिडिनची छोटी बाटली स्विमिंग पूलचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते, टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घेऊन थेंब टाकायचे आणि रंग चार्टशी लावून बघायचा. पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे, नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला पाहिजे. ते पाणी लगेच ओतून द्या, केमिकल विषारी असतं. टेस्ट दोनदा करा, एकदा पालिकेच्या थेट लाइनवर आणि एकदा किचनच्या नळाला, म्हणजे क्लोरीन रस्त्यात संपतं की तुमच्याच टाकीत ते कळतं.

पुण्यात पाणी ठरावीक वेळेलाच सुटतं, मधल्या वेळात पाइप रिकामा असतो आणि कुठं लीक असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यामुळे सुटल्यासुटल्या येणारं गढूळ पाणी प्यायला भरू नका, थोडं वाहू द्या, ते बाथरूमला वापरा. क्लोरीन शून्य दिसलं किंवा पाण्याला वास आला तर सरळ उकळा, खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं की बास. जुलाबानंतर थोड्या दिवसांनी हातापायाला मुंग्या आल्या, पायात जोर वाटेना, तर ते जीबीएस असू शकतं, घरी थांबू नका, हॉस्पिटल गाठा.

बोअरवाल्यांनी लॅबमध्ये जंतूंसोबत नायट्रेटही (पाण्यात विरघळलेला एक क्षार) तपासून घ्या. जंतूंच्या टेस्टसाठी बिसलेरीची रिकामी बाटली चालत नाही, लॅबकडूनच निर्जंतुक बाटली आणा आणि सॅम्पल थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्याच्या वर गेलं तर उकळून काही होत नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं, तिथं मात्र आरओच लागतो.